आधी वकील, मग शिबिर

गरिबाला न्याय मिळत नाही कारण त्याला कायदा माहीत नसतो, हे मत आपल्याकडे इतक्या सद्भावनेने मांडले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. न्यायाधीश व्यासपीठावरून ते सांगतात, संस्थांचे अहवाल त्यानेच सुरू होतात, अग्रलेखही तेच म्हणतात. निदान एकदा असे ठरले की उपचारही ठरलेलाच : कायदेविषयक जनजागृती शिबिर. आश्रमशाळेत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, बचत गटाच्या बैठकीत, अगदी तुरुंगाच्या आवारातही ते भरते. कौटुंबिक हिंसाचार, पोक्सो, ज्येष्ठ नागरिकांचे हक्क अशी तीन-चार भाषणे होतात, पत्रके वाटली जातात, उपस्थितांच्या सह्या घेतल्या जातात आणि आकडा वरच्या कार्यालयाकडे जातो. मोफत वकील पुरवणे हेही त्याच यंत्रणेचे काम. पण विचाराच्या क्रमात ते मागून येते. माणूस आधी जागा होईल, मग वकील मागेल, असा तो क्रम.

हा क्रम उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. तो उलटा असल्यामुळे पैसा, माणसे आणि आस्था चुकीच्या जागी खर्च होत आहेत.

पूर्वपक्ष त्याच्या उत्तम स्वरूपात मांडायला हवा, कारण तो लेचापेचा नाही. १९८६ साली सुकदास विरुद्ध अरुणाचल प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या लेखणीतून, असे सांगितले की ग्रामीण भागातल्या बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नाही, आपले हक्क काय हे ठाऊक नाही, म्हणून कायदेविषयक साक्षरता हे विधी साहाय्याच्या चळवळीचे प्रमुख अंग असले पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातही जनजागृतीचे काम प्राधिकरणांवर सोपवलेले आहे. कायदा १९९५ च्या ९ नोव्हेंबरला अमलात आला आणि तो दिवस आपण विधी सेवा दिन म्हणून पाळतो. तेव्हा शिबिरवाद्यांच्या पाठीशी निकाल आहे, कायदा आहे आणि चाळीस वर्षांची परंपराही आहे.

पण तो सुकदासचा निकाल पुढे वाचावा. आरोपीला वकील नव्हता आणि त्याने तो मागितलाही नव्हता. सरकारचे म्हणणे, मागितलाच नाही तर द्यायचा कसा? न्यायालयाने उत्तर दिले की ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा. म्हणून मागण्याची अट घालता येणार नाही, आणि वकिलाविना चाललेला तो खटला व ती शिक्षा रद्द. म्हणजे लोकांना माहिती नाही या वस्तुस्थितीवरून न्यायालयाने काढलेला निष्कर्ष असा होता की न मागताही वकील देण्याची जबाबदारी राज्याची आहे. आपण त्यातले अज्ञान उचलले आणि जबाबदारी सोडून दिली. भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात, १९८१ साली, हेच घडले होते. कैद्यांनी वकील मागितला नाही म्हणून दिला नाही, असा पवित्रा तेथे घेतला गेला; न्यायालयाने तो फेटाळला आणि आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला हा हक्क सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले. २०१२ मध्ये मुंबई हल्ल्यातील कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले, आणि या वेळी कर्तव्य चुकवणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई होईल अशी जोड द्यावी लागली. एकतीस वर्षांनी तीच सूचना पुन्हा द्यावी लागते, यावरून शिकवणीची गरज नेमकी कुणाला होती ते दिसते.

आता मूळ विधानाकडे. गरिबाला कायदा माहीत नसतो, हे खरे तरी आहे का?

१८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ओळखल्या जाणाऱ्या त्या उठावाची विशेष गोष्ट अशी की बहुतेक ठिकाणी जमावाला हवे होते ते खत, गहाणखत, हुकूमनामा. कागद हाती दिले तिथे मारहाण फारशी झाली नाही. कागद जाळले आणि लोक परतले. निरक्षर माणसांना आपला गळा कोणत्या कागदाने आवळला आहे हे इतके अचूक ठाऊक होते. मग ते कोर्टात का गेले नाहीत? बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत. समन्स पोचत नसे किंवा पोचवले जात नसे; पोचले तरी पेरणी सोडून तालुक्याला जायचे, तिथे सावकाराच्या वकिलासमोर एकट्याने उभे राहायचे आणि कारकुनांचे हात ओले करायचे, यापेक्षा न गेलेले बरे असा हिशेब होता. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड मध्ये कचेऱ्यांतल्या या लुबाडणुकीचे वर्णन केले आहे ते कुणीही पाहावे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्या समाजात रुळली त्या समाजाला कायद्याचा भरपूर अनुभव आहे. ती म्हण खर्च, वेळ आणि निकालाची शक्यता यांचा ताळेबंद मांडते, आणि बहुतेक वेळा तो ताळेबंद बरोबर असतो.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्याचे श्रेय-अपश्रेय हा वेगळा विषय आहे. इथे मला त्यातली दोन कलमे महत्त्वाची वाटतात. एकाने न्यायाधीशावर असे बंधन घातले की खतावरचा आकडा प्रमाण न मानता त्यामागच्या देण्याघेण्याचा मुळापासून तपास करावा. दुसऱ्याने अशी सोय केली की समोरच्या बाजूला वकील असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा अन्य योग्य व्यक्तीला त्याच्या बाजूने उभे राहायला सांगावे. परक्या सरकारने, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, रोग ओळखला होता. शेतकऱ्यांना व्याख्याने द्यावीत असे त्या कायद्यात म्हटलेले नाही. न्यायाधीशाचे आणि वकिलाचे काम काय ते सांगितले आहे.

दुसरा दाखला महाडचा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. हक्क कागदावर होता आणि तो माहीतही होता. १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे तो बजावायला गेली, पाणी प्यायली आणि मार खाऊन परतली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. तिथून पुढचा लढा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये तळे सार्वजनिक असल्यावर शिक्कामोर्तब झाले. हक्क कळण्यापासून तो कोर्टात टिकण्यापर्यंत चौदा वर्षे, आणि त्यातली जवळजवळ दहा केवळ कोर्टकचेरीची. अस्पृश्यांच्या बाजूचे पहिले प्रतिवादी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वतः बॅरिस्टर होते. ते नसते तर? याच काळात ते परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत दाराशी आलेल्या गोरगरिबांचे दावे चालवत होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही आधी कायदा शिकून ये असे सांगत नव्हते.

आजचे पाहायचे तर रिमांडच्या वेळी तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसावे. बाहेर पायऱ्यांवर पारधी वस्तीवरच्या बाया, ऊसतोडीच्या टोळीतली माणसे, भंगारवाले पोरगे यांची बोलणी चाललेली असतात. पीसीआर किती दिवसांचा मिळाला, एमसीआर कधी होणार, जामीनदार कुठला चालेल, सॉल्व्हन्सी लागेल की सातबारावर भागेल, रोख जामीन घेतील का, कलम दखलपात्र आहे की कसे. शिबिरातल्या वक्त्याने अचंबा करावा असे हे ज्ञान आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या पालावर रात्री-अपरात्री गाडी येत राहिली, त्यांना अटकेचा कायदा माहीत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. त्यांना माहीत नसते ते एवढेच की आत त्यांच्या माणसाच्या वतीने बोलणारा वकील कोण आहे, आणि तो आहे तरी का.

आत काय चालते? शिपाई हातात बेडी असलेल्या माणसाला पुढे करतो. तपास अधिकारी रिमांड अर्ज देतो. दंडाधिकारी विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? ज्याला पुन्हा त्याच पोलिसांच्या ताब्यात जायचे आहे तो नाही म्हणतो. वकील आहे का? तो मान हलवतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील असले तर बाकावरून उठतात, अर्जावर नजर फिरवतात, नाव विचारतात. नसले तर तसेच. दोन-तीन मिनिटांत पुढचा. अटकेच्या वेळी नातेवाइकांना कळवले का, अंगावर वळ आहेत का, चोवीस तासांच्या आत आणले का, कोठडी मागण्याला कारण तरी काय दिले आहे, हे प्रश्न विचारायची जागा तीच आणि वेळही तीच. आरोपीने ते तोंडपाठ केले असते तरी त्या ठिकाणी, त्या हातांमध्ये, त्याला ते विचारता आले नसते.

याहून धारदार उदाहरण साठाव्या दिवसाचे आहे. तपास ठरलेल्या मुदतीत पुरा होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. मुदत गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांची. न्यायाधीशाच्या मर्जीवर नसलेला असा हा हक्क आहे. पण तो अर्ज करून बजावावा लागतो. मुदत उलटली, अर्ज आला नाही, आणि पोलिसांनी पासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र टाकले की हक्क संपला; १९९४ पासून कायदा असाच आहे. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, आपल्यावर लावलेल्या कलमाला साठ लागू की नव्वद, हे बराकीतल्या माणसाने बोटांवर मोजायचे आणि नेमक्या दिवशी अर्ज कोर्टात पोचवायचा! २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडी मागणीही पुरे आणि आरोपीला या हक्काची जाणीव द्यावी. चांगलेच सांगितले. पण तोंडी मागणी करायला तरी त्या दिवशी कोर्टापुढे तोंड हवे. हे डायरीत तारखा लिहून ठेवणाऱ्या वकिलाचे काम आहे, आणि ते वर्षभर भरवलेल्या शिबिरांनी होत नाही.

कुणी म्हणेल, ही अडाण्यांची अडचण झाली. तर १९७८ चा होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आठवावा. मोफत विधी साहाय्याचा पाया ज्या निकालांनी घातला त्यांतला हा आधीचा. त्यातला आरोपी विद्यापीठात प्रपाठक होता. बनावट पदव्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात तो आला चार वर्षे उलटून गेल्यावर, सगळी शिक्षा भोगून झाल्यावर. कारण त्याने दिले ते असे की निकालाची प्रत हाती आलीच नाही. त्याची याचिका गुणदोषांवर फेटाळली गेली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथेच घालून दिले की कैद्याला निकालाची प्रत तत्काळ व फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील राज्याने दिला पाहिजे. प्रपाठकाला अपील नावाची गोष्ट असते हे माहीत नव्हते का?

उलट बाजूने पाहा. मुंबईतल्या मोठ्या व्यापाऱ्याला, शल्यविशारदाला, अभियंत्याला जामिनाची कलमे सांगता येतील काय? मुळीच नाही. भाडेकरार, वाटणीपत्र, अपघाताची भरपाई, कशातलेच त्यांना फारसे कळत नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी शिबिरही भरवत नाही. त्यांचे अडत नाही, कारण फोन लावला की वकील येतो. संपन्न माणसाचे अज्ञान वकील भरून काढतो आणि गरिबाचे अज्ञान त्याने स्वतः भरून काढावे, ही अपेक्षा मला केवळ चुकीची वाटत नाही, अन्यायाची वाटते. राज्यघटनेतल्या ३९-अ कलमाने, १९७६ साली ते घातले गेले तेव्हा, राज्याला मोफत विधी साहाय्य पुरवायला सांगितले ते आर्थिक किंवा अन्य दुबळेपणामुळे कुणी न्यायाला मुकू नये म्हणून. कलम गरिबीचे नाव घेते, अज्ञानाचे नाही.

वकील न मिळण्याची किंवा नावापुरता मिळण्याची किंमत किती असते? खंडव्याच्या एका खटल्यात २०१३ साली आरोपीला न्यायालयाने वकील दिला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले. पंधरवड्यात साक्षी, युक्तिवाद, निकाल, शिक्षा फाशीची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला, आणि जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात दिला जाणारा वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा व त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत असे बजावले. तो माणूस अखेर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. कागदोपत्री पहिल्या दिवसापासून त्याला विधी साहाय्य 'दिलेले' होते.

जालना जिल्ह्यातले प्रकरण त्याहून जिव्हारी लागणारे आहे. २००३ च्या जूनमधल्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. दहा वर्षांनी तेच सर्वोच्च न्यायालय, प्रकरण पुन्हा उघडून, म्हणाले की हे सहाही निर्दोष आहेत. वाचलेल्या मुख्य साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या अल्बममधल्या छायाचित्रांवरून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि ती बाब दडवली गेली होती. शिक्षा झालेल्या सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांनी प्रत्येकी पाच लाख रुपये देऊन राज्याने त्यांना बाहेर सोडले. या सहा जणांना हक्कांची कोणती पत्रिका वाचून दाखवली असती म्हणजे हे टळले असते? त्यांना हवा होता तपासाचा कागद न् कागद मागून घेणारा आणि तो अल्बम कोर्टापुढे ठेवायला लावणारा बचावाचा वकील, आणि तोही पहिल्या वर्षी.

हे अपवाद आहेत असे म्हणणाऱ्याने तुरुंगांचे आकडे पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांच्यातले कितीतरी जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण जामीनदार नाही किंवा रक्कम नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला आणि भाऊ जामीन राहायला आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक निकाल लिहिला. पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ मध्ये, केंद्र सरकारला गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना काढावी लागली. योजना योग्यच आहे. पण तीही आपणहून तुरुंगात पोचत नाही. कुणीतरी कैद्याचे प्रकरण तयार करून समितीपुढे न्यावे लागते.

शिबिरवाद्यांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या बाईला २००५ चा कायदा आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असले तरी केवळ स्त्री म्हणून तिला मोफत वकील मिळतो, हे सांगायला नको का? सांगायला हवेच. पण सांगून थांबायचे, हे तिच्यासाठी धोक्याचे आहे. सभागृहात शंभर बायांसमोर कायदा ऐकून ती घरी जाते ती त्याच घरी, त्याच माणसांत. तिथे हक्काची भाषा बोलली तर त्या रात्री तिचे काय होईल याची जबाबदारी वक्त्याने घेतलेली नसते. ती विचारते, "काढलं घराबाहेर तर पोरांना घेऊन कुठं जाऊ?" या प्रश्नाचे उत्तर तातडीचा अर्ज, संरक्षण अधिकारी, निवारा आणि तारखेला सोबत येणारे माणूस असे असते.

महाराष्ट्रात हे कुणी केलेच नाही असे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या. तक्रार घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे ऐकणे, ते नोंदवायला लावणे, वकिलाकडे नेणे, नवऱ्याला बोलावणे, ही सगळी कामे तिथल्या तिथे. पुढे शासनाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला, इतर राज्यांनीही उचलला. त्याच संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतो : कैद्याच्या घरचा पत्ता शोधणे, कुटुंबाला जामिनाची कागदपत्रे जमवायला मदत करणे, वकिलाशी गाठ घालून देणे. दोन्ही ठिकाणी बाई किंवा कैदी कायदा शिकतातच, आणि पक्का शिकतात, कारण तो त्यांच्या स्वतःच्या प्रकरणातून डोळ्यांदेखत उलगडतो.

याच ठिकाणी मेंढा (लेखा) चे नाव हमखास घेतले जाते : पाहा, गडचिरोलीतल्या गोंडांनी कायदा समजून घेतला आणि जंगल मिळवले. खरे आहे. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा मंजूर झालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पण तिथली पद्धत नीट पाहावी. देवाजी तोफा आणि गावकरी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सोबत्याबरोबर, वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसत होते. विषय गावाने ठरवलेला, वाद गावाचा, निर्णय सर्वांच्या एकमताने. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालले होते. आणि हक्क मंजूर झाल्यावरही बांबू विकायला गेले तेव्हा वनखात्याने परवाना अडवलाच. माहिती असून दोन वर्षे झगडावे लागले. दुपारच्या व्याख्यानाला या कामाच्या पंगतीत बसवणे मेंढ्यावर अन्याय करणारे आहे.

फुकटच्या वकिलाला किंमत नसते, हाही एक लाडका आक्षेप. पॅनेलवर जीव तोडून काम करणारे वकील आहेत हे आधी नोंदवतो. पण मानधन तुटपुंजे, तेही उशिरा, आणि खासगी अशिलांच्या धावपळीत हे प्रकरण शेवटी. अशा रचनेत चांगल्या माणसाकडूनही काम पातळ होते. दोष फुकटपणाचा असता तर सरकारी वकीलही, ज्याला फिर्यादी एक पैसा देत नाही, निकामी ठरला असता. त्याला पगार आहे, कचेरी आहे, पोलीस यंत्रणा आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची योजना आणली, मुख्य, उप आणि साहाय्यक अशा श्रेणींची, खासगी वकिली न करण्याच्या अटीवर. माझ्या मते १९८७ च्या कायद्यानंतरचे या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल ते आहे. ती फौजदारी प्रकरणांपुरती आहे आणि नेमणुका कंत्राटी आहेत, या दोन्ही उणिवा भरून काढायला हव्यात. जमिनीचे, पोटगीचे, मजुरीचे, भरपाईचे दावे अजून जुन्याच पद्धतीवर अवलंबून आहेत. उत्पन्नासाठी कायद्याप्रमाणे प्रतिज्ञापत्र पुरेसे असताना अनेक ठिकाणी तहसीलदाराचा दाखला मागून माणसाला परत पाठवले जाते, तेही बंद व्हावे.

शिबिरे बंद करा असे मी म्हणत नाही. ज्या गावात शिबिर भरेल तिथे पुढच्या आठवड्यात तोच वकील पुन्हा बसणार असेल, लोकांची प्रकरणे लिहून घेणार असेल आणि त्यांच्या तारखांना उभा राहणार असेल, तर जरूर भरवावे. पण यशाचे माप बदलले पाहिजे, कारण यंत्रणा जे मोजते तेच करते. जिल्हा प्राधिकरणांच्या अहवालांत शिबिरांची आणि उपस्थितांची संख्या येते त्या जागी पुढचे तक्ते यावेत : वर्षभरात किती जणांना रिमांडसाठी पहिल्यांदा हजर केले आणि त्यांतल्या किती जणांशी वकील हजेरीआधी बोलला, किती कच्च्या कैद्यांचे साठ किंवा नव्वद दिवस दोषारोपपत्राविना भरले आणि त्यांतल्या किती जणांचा अर्ज त्याच दिवशी दाखल झाला, जामीन मंजूर होऊन आठवडा उलटल्यावरही किती जण आत आहेत, प्राधिकरणाने दिलेला वकील किती तारखांना हजर होता आणि किती तारखांना नव्हता. ही सगळी माहिती कोर्टाच्या रोजनाम्यांत आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांत आजही लिहिली जाते. ती एका जागी आणून छापायला नवा कायदा लागत नाही.